खालच्या पट्ट्यातले तीन वाफे

मिरजगावजवळच्या एका रानात मी हरभऱ्याचे चोवीस वाफे आखले होते. रोपं वाळवणाऱ्या मर रोगावरचं एक नवं औषध लागू पडतं का, हे एम.एस्सी.साठी तपासायचं होतं. रान उताराचं, खालच्या अंगाला पाणी साचून मर जास्त. म्हणून उतारानुसार चार पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्यातल्या सहापैकी कुठल्या तीन वाफ्यांना औषध द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चिठ्ठ्या रानाच्या मालकीणबाईंनीच उचलल्या. त्यांना एक वाफा बदलून हवा होता. मी साफ नाही म्हटलं. आपल्या मर्जीनं निवडलं तर तपासणीला अर्थ उरत नाही, हे त्यांना पटलं.

हंगामभर एसटीनं जाऊन मी वाळलेली रोपं मोजली. आकडेमोड केली तर औषधानं काहीच फरक दिसेना.

मार्गदर्शक सरांनी सगळे आकडे पाहिले. "खालच्या पट्ट्यातले औषधाचे तीन वाफे काढून टाक. पाणी साचलं होतं म्हणायचं."

शेजारचे बिनऔषधाचे तीनही त्याच पाण्यात होते, असं मी म्हटलं. ते म्हणाले, फरक नाही असा प्रबंध कोण वाचतं?

मी तक्त्यातल्या त्या तीन वाफ्यांच्या ओळी पुसल्या. फरक उगवला. तसा आलेख काढून सरांना दिला. त्या दिवसाचा माझा मलाच अजून संताप येतो.

वाफ्यांच्या खुंट्या काढायला गेले तेव्हा मालकीणबाईंनी निकाल विचारला. पुढच्या रब्बीला सगळ्या रानात तेच औषध मारायचं त्यांच्या मनात होतं. मला खोटं बोलवेना. सगळं सांगितलं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमाला पायजे तेच लिवायचं हुतं, तर माझ्या हातानं चिठ्ठ्या कशापायी उचलाय लावल्या?"

सावेडीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर परत येऊन मी तिन्ही ओळी पुन्हा भरल्या. सरांनी सही नाकारली. दुसरे मार्गदर्शक मिळेपर्यंत वर्ष गेलं. 'फरक आढळला नाही' असं लिहूनच मी पदवी घेतली.

पुढे एका परिषदेत त्याच सरांनी माझाच आलेख पडद्यावर लावला. एकवीस वाफ्यांचा. मी उभी राहिले आणि म्हटलं, "सर, पेरले चोवीस होते."

ते हसले. सभागृहातल्या एकानंही उरलेले तीन कुठे गेले, असं विचारलं नाही. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि जेवणाची सुट्टी झाल्याचं सांगितलं. मी न जेवता निघून आले.