देवक विचारलं तेव्हा सर चहा फुंकत होते

"वाक्य काय म्हणतं ते सोडा, वाक्य काय करतं ते बघा," असं म्हणून सर खडू हवेत उडवायचे आणि झेलायला जायचे. झेललेला मी कधी पाहिला नाही. असे सर तुम्हीही एखादे पाहिले असतील.

सत्तरच्या दशकात साताऱ्याला आम्ही एम.ए.ला इंग्रजी शिकत होतो. सर मूळचे सांगलीचे, बिनलग्नाचे, हैदराबादेहून कसलासा कोर्स करून आलेले. तिथून त्यांनी नवं शास्त्र आणलं होतं. माणसं बोलतात एक आणि साधतात दुसरंच, त्याचा म्हणे अभ्यास. आमच्या गावातली कुठलीही जाऊ हे पोटातून शिकून येते. पण इंग्रजीत सांगितलं की आम्ही माना डोलवायचो.

माझ्याएवढी शहाणी तर उभ्या जिल्ह्यात नव्हती. उंब्रजला एसटीत चढून मी कंडक्टरला म्हणायची, "आपल्याला तसदी होणार नसेल तर साताऱ्याचं एक तिकीट मिळू शकेल का?"

"बाई, तिकीट पायजे का न्हाई, तेवढं सांगा."

अडाणी कुठला, असं मला वाटायचं. आज भेटला तर पाया पडेन.

पहिलं वर्ष संपलं आणि आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, हुकूम सोडला. आबा फौजेतून सुभेदार होऊन आलेले, आता ऊस बघायचे. "शिकलीस तेवढं लय झालं. आता स्थळं बघायची." शेवटच्या वर्षाआधीच माझं कॉलेज बंद. मी जेवण सोडलं. एक वेळच सोडलं, भूक फार लागली. मग सरांपुढे रडले.

"मी बोलतो त्यांच्याशी," सर म्हणाले. "मन वळवणं हेही शास्त्रच आहे."

रविवारी सर घरी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात केळ्यांची फणी. एकट्यानं जाणं बरं दिसत नाही म्हणून सोबत त्यांचे थोरले मामा. मी दाराआड.

मुद्द्याला एकदम हात घालायचा नाही, असं शास्त्र. सरांनी आधी उसाची चौकशी केली, मग फौजेची. मग म्हणाले, "तुमची मुलगी फार गुणी आहे. तिच्या पुढच्या आयुष्याबद्दल आपल्या कानावर घालावं म्हटलं."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "देवक काय तुमचं?"

आमच्याकडे देवक एकाच कामासाठी विचारतात. दोन्ही घरांचं देवक एक निघालं तर सोयरीक होत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण असल्या किरकोळ प्रश्नांना अर्थ नसतो, ती नुसती ओळख वाढवायची रीत, असं सरांचं शास्त्र. चहा फुंकत ते म्हणाले, "पंचपल्लव."

मामांनी चमकून भाच्याकडे पाहिलं आणि खुशीत दुसरा लाडू उचलला.

"आमचं कळंब. मग अडचण न्हाई. दिवाळीनंतर धरायचं?"

"मी तर म्हणतो, जूनमध्येच सुरुवात करू."

"लय घाई हाय गड्याला," आबा आत येऊन आईला म्हणाले.

मला देवक कळत होतं. पण सर एवढे विद्वान, त्यात काही खोल डाव असणार, अशी माझी समजूत. इतकं मूर्ख व्हायलाही पदवी लागते.

आठवड्यात आबा आणि चुलते नारळ घेऊन सरांच्या खोलीवर गेले. पुढचं चुलत्यांनी सांगितलं. सर आधी म्हणे, "हा माझा बहुमान आहे, परंतु सर्व बाजूंनी विचार करता..." मुलगा लाजतोय असं समजून चुलते नारळ पुढे सरकवत राहिले. शेवटी सर घामाघूम होऊन उभे राहिले.

"सुभेदारसाहेब, मला लग्न करायचं नाही. तिला शेवटचं वर्ष शिकू द्या, एवढंच सांगायला आलो होतो."

आबांनी नारळ परत पिशवीत टाकला. मग म्हणाले, "एवढंच हुतं? त्या दिशी बोलला असता तर तवाच हो म्हटलं असतं की."

घरी येऊन मला म्हणाले, "जा, शीक. पर त्या माणसागत बोलू नगंस."

वर्षभर सरांनी मला खिडकीकडे बघून शिकवलं.

निकाल लागला तशी पेढे घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेले. दाराला कुलूप. घरमालकीण जिन्यात तांदूळ निवडत होती.

"गेलं की ते. दुसरीकडं नोकरी लागली. जाताना विचारत हुते, सुभेदाराची मुलगी पास हुईल का? मला काय ठावं, माय."

मी तिच्या हातावर पेढा ठेवला आणि कुलपाला सांगितलं, "झाले."