देल्फिनोची गाडी का बंद पडत होती

काआसापा गावात गॅरेजं तीन होती, पण गाडीच्या इंजिनाचा डिझेल पंप उघडायचा म्हटलं की लोक एलाडियो ओवेलारकडेच यायचे. एकसष्ट वर्षांचा, जाड मानेचा माणूस. गॅरेजसमोर आंब्याखाली चार खुर्च्या कायम मांडलेल्या असत. सकाळपासून न्हावी अपोलोनियो आणि आणखी दोघं-तिघं तिथं तेरेरे, थंडगार पाण्यात भिजवलेल्या पाल्याचं पेय, पीत बसायचे. शिंगाचा प्याला या हातातून त्या हातात फिरायचा आणि एलाडियो काम करता करता, खुर्च्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, गिऱ्हाइकांची अक्कल काढायचा. लोक ऐकून घेत, कारण गाडी दुरुस्त होऊन मिळायची.

त्याचा मेहुणा देल्फिनो अकरा वर्षं त्याच्या हाताखाली होता. चार वर्षांपूर्वी आईला पुरून आला, पाना टेबलावर ठेवला आणि काम सोडून गेला. पुढं एक जुनी पांढरी डिझेल गाडी घेऊन तो भाडी मारू लागला. मार्चमधल्या एका सोमवारी तीच गाडी घेऊन तो आला.

"दाजी, कधी सेल्फ मारून मारून चालू होत नाही. कधी चालता चालता बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी निघते."

"अकरा वर्षं शिकवलं तुला," एलाडियो खुर्च्यांकडे बघत म्हणाला, "आणि शेवटी माझ्याच दारात आलास."

"तुमच्याइतकं कुठं कळतं मला."

खुर्च्यांवरचे हसले.

एलाडियोनं फिल्टर बदलला, तळाचं पाणी काढलं. गाडी एका झटक्यात चालू झाली. चौथ्या दिवशी देल्फिनो परत. मग एलाडियोनं नळीच्या जोडांचे तांब्याचे वायसर बदलले, हवेचा दाब देऊन नळी साफ केली, पंपातली एअर काढली. पाच दिवस गाडी छान चालली आणि एका गर्भार बाईला दवाखान्यात नेताना पुलावर बंद पडली. मग हीटर प्लग झाले. मग पंपावरच्या विजेच्या व्हॉल्व्हची वायर झाली. गाडी गॅरेजमध्ये असली की कधी बंद पडायची नाही. तासभर नुसती चालू ठेवली तरी एक आचका नाही.

देल्फिनो दर वेळी टोपी हातात घेऊन उभा राहायचा. "असू दे दाजी. वय झालं की होतं असं."

आता खुर्च्यांवरचे एलाडियोला हसू लागले होते. "उस्ताद, गाडीला दृष्ट लागली असेल," अपोलोनियो म्हणायचा. "लिंबू फिरवून बघा." एलाडियोनं पंपच उतरवला. तो सुटा करून, एकेक भाग पुसून, तपासून बसवायला सहा दिवस गेले. पंपात काही नव्हतं. त्या सहा दिवसांत तो बायकोशी, ब्लासिदाशी, जेवणावरून तीनदा भांडला आणि एकदा ताट भिंतीवर फेकलं. तिनं भिंत पुसली.

सव्विसाव्या दिवशी त्यानं फिल्टरच्या आधीची नळी काढली, तिथं मऊ पारदर्शक नळी लावली आणि एकटाच गाडी घेऊन तांबड्या रस्त्यानं निघाला. सतराव्या किलोमीटरला इंजिन दोनदा आचकलं आणि बंद पडलं. त्यानं लगेच बॉनेट उघडलं. नळीत हवेचा एकही बुडबुडा नव्हता, पण नळी चपटी झाली होती, आतून शोषल्यासारखी. म्हणजे पंप ओढत होता आणि टाकीच डिझेल सोडत नव्हती. तो बघत उभा राहिला. थोड्या वेळानं नळी हळूहळू गोल झाली. सेल्फ मारला, गाडी चालू.

गॅरेजमध्ये येऊन त्यानं टाकीचं झाकण काढलं. आत डिझेल ओढणाऱ्या नळीला बारीक तार गुंडाळली होती आणि तारेच्या टोकाला कापडाची चिंधी होती. इंजिनानं जोरात ओढलं की चिंधी नळीच्या तोंडाला चिकटायची, इंजिन थांबलं की गळून पडायची. नळीत हवेचा दाब दिला तेव्हा ती तोंडापासून लांब ढकलली गेली असणार, म्हणून गाडी पाच दिवस चालली.

कुणाचं काम ते त्याला तत्काळ कळलं, कारण ही खोडी त्याचीच होती. हाताखालच्या पोरांना तो टाकीत अशा चिंध्या घालून गाडी द्यायचा आणि बिघाड सापडेपर्यंत जेवायला सोडायचा नाही. खुर्च्यांवर बसलेल्यांची तेवढीच करमणूक.

संध्याकाळी देल्फिनो आला. ब्लासिदा नेमकी उकडलेल्या मांदिओकाच्या कंदांचं ताट घेऊन बाहेर येत होती. एलाडियोनं चिंधी देल्फिनोच्या छातीवर फेकली.

"कुणी घातली ही?"

"मी," देल्फिनो म्हणाला. "सव्वीस दिवस लागले तुम्हाला, दाजी. मला दोन तास लागले होते."

"कसले दोन तास?" ब्लासिदानं विचारलं.

देल्फिनो तिच्याकडे वळला. "आई गेली त्या दिवशी तू निरोप धाडला होतास. हे म्हणाले, गिऱ्हाईक अडून बसलंय, गाडी चालू केल्याशिवाय हलायचं नाही. गिऱ्हाईक नव्हतंच. चिंधी यांनीच घातली होती. मला ती टाकीत सापडली तोवर आई गेली होती."

ब्लासिदानं न्हाव्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं, अपोलोनियो?"

अपोलोनियोनं प्याल्यात पाहिलं. "त्या वेळी गंमत चालली होती," तो म्हणाला.

"आई सारखी याचं नाव घेत होती," ब्लासिदा नवऱ्याला म्हणाली. "मी सांगत होते, येतोय, काम आहे त्याला."

एलाडियोला काहीतरी बोलणं भाग होतं. "तू तरी होतीस ना जवळ," तो म्हणाला. "तो दोन तास आधी येऊन काय करणार होता?"

तिनं ताट खुर्चीवर ठेवलं आणि भावाच्या गाडीत जाऊन बसली. गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली.

ती परत आली ती अकरा दिवसांनी, भावाच्या गाडीतून, शिलाई मशीन न्यायला. मशीन जड, म्हणून एलाडियोनंच उचललं. "मागच्या सीटवर," ती म्हणाली. "आणि हाताचं तेल लावू नकोस त्याला." त्यानं शर्टाला हात पुसून मशीन पुन्हा धरलं आणि नीट ठेवलं. मग देल्फिनोच्या खिडकीशी जाऊन विचारलं, "गाडी बरी चालते ना आता?"

देल्फिनोनं काच वर घेतली. आंब्याखालून अपोलोनियोनं हाक मारली, "उस्ताद, प्याला तुमच्याकडे आलाय." एलाडियो जाऊन बसला आणि प्याला त्यानं घेतला.