खोट्या मालकाचा सिग्नल

टेंभुर्णीच्या त्या घटनेचं मला आजही नवल वाटतं. चोरीला काहीच गेलं नव्हतं, तरी गुन्हा होता. एका कंपनीने आसपासच्या गावांना बिनतारी इंटरनेट दिलं होतं, तेही दूरचित्रवाणीसाठी राखीव पण बहुतेक वेळ रिकाम्या असलेल्या लहरींवर. अट एकच. मूळ मालकाचा, म्हणजे दूरचित्रवाणीचा सिग्नल आला की कंपनीच्या यंत्राने आपणहून गप्प बसायचं.

रोज संध्याकाळी इंटरनेट बंद पडू लागलं. यंत्राच्या खोलीची किल्ली एका तरुण तंत्रज्ञ बाईंकडे होती. या बाईच मुद्दाम यंत्र बंद करतात, असा कंपनीचा लेखी अर्ज माझ्या पोलीस ठाण्यात आला. नोकरी जाणारच होती, आता अटकही होण्याची वेळ आली.

महिला अंमलदाराला सोबत घेऊन मी जबाब घ्यायला बसलो. बाई रडल्या नाहीत, उलट चिडलेल्या होत्या.

“साहेब, मी बिलकुल हात लावला न्हाई. मालक आला समजून मशीनच गप बसून राह्यली.”

खोटं बोलणारा सहसा इतकं विचित्र कारण देत नाही. माझं कुतूहल चाळवलं. दूरचित्रवाणीच्या टॉवरवर फोन लावला, तर त्यांचं प्रक्षेपण त्या सगळ्या दिवसांत दुरुस्तीसाठी बंद होतं. मग हा मालक कोण?

एवढ्यात खबऱ्याने बातमी आणली. कंपनी आल्यापासून धंदा बसलेल्या एका इंटरनेट विक्रेत्याच्या गच्चीवर नवा अँटेना दिसत होता. आमच्या बिनतारी विभागाची माणसं सिग्नलची दिशा शोधणारं उपकरण घेऊन आली. संध्याकाळी इंटरनेट बंद पडलं, आणि उपकरणाने तीच गच्ची दाखवली. दूरचित्रवाणीच्या सिग्नलची हुबेहूब नक्कल करणारं यंत्र आम्ही पंचांसमक्ष जप्त केलं.

विक्रेता आधी कानावर हात ठेवत होता. मी चहा मागवला आणि त्याच्या हुशारीचं थोडं कौतुक केलं. अशा माणसाला मग गप्प राहवत नाही.

“मी कुठं तार कापली? मशीननं इचारलंच न्हाई, कोन हाये म्हणून. मंग सरली बाजूला.”

गुन्हा दाखल झाला, पण त्याचं बोलणं मला पटलं. लाल दिव्याची गाडी दिसली की नाक्यावर आम्हीही न विचारता बॅरिकेड सारायचो. ओळखीचं दिसलं म्हणून ओळख पटली असं होत नाही, हे मी या प्रकरणात शिकलो. कंपनीने यंत्रात खऱ्या मालकाची खात्री करण्याची सोय केली. बाई कामावर परतल्या.

पुढे एकदा साध्या कपड्यांत यंत्राच्या खोलीत ती सोय पाहायला गेलो. त्यांना अटकेपासून वाचवणारा मी, तरी बाई दार अडवून उभ्या राहिल्या.

“तुम्हाला बराबर ओळखते, साहेब. पण आधी ओळखपत्र दाखवा.”

मी आनंदाने खिशात हात घातला.