वरठाच्या दारात न आलेले अर्ज

लहानू वरठा खुर्चीतून उठला की आमचं अख्खं ऑफिस हसायला लागायचं. उठून तो जायचा कुठे, तर माझ्या टेबलापर्यंत. आठ-दहा पावलं. माझ्या कॉम्प्युटरशेजारी हाताची घडी घालून उभा राहायचा आणि म्हणायचा, "आता पाठव." मी बटण दाबलं की तसाच वळून आपल्या जागेवर जायचा, स्वतःच्या स्क्रीनवर बघायचा आणि तिथून सांगायचा, "नाय. माझ्या दारात नाय आलं." मग परत उठायचा. दिवसातून वीस वेळा! खोली एवढीशी, जागेवरून ओरडून विचारलं असतं तरी चाललं असतं. पण इथून निघालेलं आणि तिथे पोचलेलं, दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याचा विश्वास बसत नसे. मी त्याचं नाव 'टपाल' ठेवलं होतं. "आलं बघा टपाल," असं मी म्हणायचो आणि आमचे मालक निमेशभाईसुद्धा केबिनमधून हसायचे.

ही २०१४ची गोष्ट. डहाणूला इराणी रोडवर, एका फरसाणाच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. शाळा, संस्था, छोटे कारखाने यांच्या वेबसाइट आम्ही बनवायचो. माणसाला दिसतं ते पान, त्यावरची बटणं, आणि बटण दाबल्यावर पान जागचं न हलवता मागच्या मागे माहिती सर्व्हरकडे धाडणारी स्क्रिप्ट, हे माझं काम. आलेली माहिती घ्यायची, साठवायची आणि 'मिळालं' असं उलट उत्तर द्यायचं, हा सर्व्हरवरचा कोड वरठाचा. म्हणजे मध्ये काही अडकलं की आरोपी दोनच, मी नाहीतर तो. आणि निकाल काय लागणार हे चौकशीआधीच सगळ्यांना माहीत असायचं.

कारण मी डहाणूचा, चिकूच्या वाडीवाल्याचा मुलगा, मुंबईत शिकून आलेला, बोलण्यात कुणाला न हरणारा. तो उधव्याच्या पुढच्या, डोंगराकडेच्या पाड्यातला. त्याच्या गावची माणसं आमच्या वाडीत चिकू उतरवायला यायची. पहिल्या दिवशी त्याने मला 'केतनशेठ' म्हटलं, कारण त्याचा बाप माझ्या बापाला शेठ म्हणायचा. मी त्याला "नुसतं केतन म्हण" असं म्हणालो नाही. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला सांगू! पुढे वर्षभराने तो आपणहून 'केतन' म्हणायला लागला, तेव्हा मला चक्क राग आला होता.

एकदा ऑफिसात काम कमी होतं. मला खाज सुटली. माझ्या स्क्रिप्टमध्ये त्याच्या सर्व्हरचा पत्ता लिहिलेला असतो, त्यात मी मुद्दाम एक अक्षर जास्त घातलं आणि ओरडलो, "टपाल, तुझ्या बाजूला अडकलंय!" सकाळी दहापासून तो शोधत बसला. स्वतःचा कोड ओळ न् ओळ सोडवून पाहिला. डबा उघडला नाही. आम्ही खाली दुकानात जाऊन गाठिया खात पोट धरून हसत होतो. पाच वाजता तो उठला, माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि माझ्या स्क्रीनवर बोट टेकवून एकेक अक्षर वाचत गेला. त्या अक्षरावर बोट थांबलं. "हे माझ्या दारात येतच नव्हतं," तो म्हणाला. "दुसऱ्याच्याच दारात जात होतं." सगळे फुटले. तोही थोडा हसला, तोंड लपवून.

दुसऱ्या दिवशी त्याने काय केलं, तर सर्व्हरवर एक नोंद ठेवायला सुरुवात केली. जे काही त्याच्याकडे येईल ते वेळेसकट आपोआप लिहिलं जायचं. "आता भांडण नको, केतन," तो म्हणाला. "दारात आलं तर लिहिलेलं असेल. नाय आलं तर नसेल." इतकी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणालाही सुचली नव्हती. तो माझ्यापेक्षा चांगला होता. नुसता चांगला नाही, फार चांगला होता, आणि हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. त्याला टपाल म्हणण्याचं खरं कारण तेच.

२०१६ साली तलासरीच्या एका संस्थेने त्यांच्या मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज पहिल्यांदाच ऑनलाइन घ्यायचं ठरवलं. डोंगराकडच्या ज्या मुली अकरावीला जाणार, त्यांच्यासाठी हे वसतिगृह. तिथे जागा मिळाली तर कॉलेज, नाहीतर घरी. रोज येऊन-जाऊन करण्यासारखं ते अंतर नाही. फॉर्म मी बनवला. बटण दाबलं की हिरवी पाटी यायची, 'तुमचा अर्ज जमा झाला आहे.'

वरठा चाचणी करताना माझ्या शेजारी उभा राहिला, त्याने दोनदा पाहिलं आणि म्हणाला, "केतन, तू उत्तर यायच्या आधीच पाटी लावतोस."

बरोबर होतं त्याचं. पाठवण्याच्या ओळीखालीच मी पाटीची ओळ लिहिली होती. स्क्रिप्ट काही उत्तराची वाट बघत थांबत नाही. पाठवते आणि लगेच पुढच्या ओळीवर जाते. म्हणजे अर्ज पोचो न पोचो, पाटी लागणारच. ती ओळ उचलून, उत्तर आल्यावर जे करायचं असतं त्या भागात टाकायची, एवढंच काम. डहाणूत नेट चांगलं, त्यामुळे कधी काही बिघडलेलं दिसलं नव्हतं. "आमच्याकडे नेट जातं रे," तो म्हणाला. "अर्ज वाटेतच राहील आणि पोरी नाचत घरी जातील."

"बघतो," मी म्हणालो. दोन दिवसांनी त्याने जागेवरूनच विचारलं, "केलंस का ते?" मी मोबाइलवर मॅच बघत होतो. मान वर न करता म्हणालो, "केलं रे बाबा, केलं."

केलं नव्हतं. विसरलो होतो असंही नाही. तो सांगतो म्हणून करायचं, हे मला नको होतं. आणि वीस वेळा उठणारा तो माणूस त्या एका दिवशी खुर्चीतून उठला नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला त्याने.

शेवटच्या दिवशी, शनिवारी, तो ऑफिसचा लॅपटॉप आणि डोंगल घेऊन आपल्या पाड्यावर गेला. घराच्या ओटीवर बसून त्याने आठ मुलींचे अर्ज भरले. त्यातली एक त्याची धाकटी बहीण, सुमन. दर वेळी बटण दाबलं, दर वेळी हिरवी पाटी आली. त्याच्या बापाने आठही घरच्या माणसांना चहा पाजला. "बाबा सगळ्यांना सांगत होता, माझ्या लहानूने बनवलंय," हे सोमवारी सकाळी मला सांगताना तो इतका खुशीत होता की त्याने अजून कॉम्प्युटरही चालू केला नव्हता. मग चालू केला. नोंद उघडली. दोनदा वरपासून खालपर्यंत वाचली.

मग उठला, माझ्याकडे आला. या वेळी "पाठव" म्हणाला नाही. "केतन, आठातला एकपण नाय आला."

क्षणात सगळं समजलं मला: पाड्यावर नेट गेलं होतं, पाटी मात्र लागत राहिली होती. मी म्हणालो, "थांब, बघतो. तू जरा खाली जाऊन चहा सांगून ये."

तो चहा सांगायला गेला. मी ती ओळ उचलली, सात ओळी खाली, जिथे असायला हवी होती तिथे टाकली आणि फाइल सर्व्हरवर चढवली. पाच मिनिटंही लागली नाहीत. आधीच्या फाइलची प्रत ठेवायची पद्धत आमच्याकडे नव्हती. जुनी गेली ती गेलीच. मग मी सरळ निमेशभाईंच्या केबिनमध्ये शिरलो. हलकटपणा होता, दुसरा शब्द नाही.

वरठा चहाचे ग्लास घेऊन वर आला तेव्हा त्याला केबिनमध्ये बोलावलं. तोवर संस्थेचा फोन येऊन गेला होता, कारण पाड्यातून कुणीतरी यादीची चौकशी करायला तिथे गेलं होतं. निमेशभाई तापले होते. "मला ते टेक्निकल काही नको. चूक कोणाची, फायनल सांगा."

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला, नेट बंद केलं, बटण दाबलं. पाटी आली नाही. "बघा भाई. सर्व्हरचं उत्तर आल्याशिवाय पाटी येतच नाही. वरठा म्हणतो, पाटी आली होती. म्हणजे अर्ज सर्व्हरपर्यंत पोचले होते. पुढे त्याच्याकडे हरवले."

वरठाने आपली नोंद उघडून दाखवली. "भाई, माझ्या दारात आलेच नाय. इथे एकाचीपण नोंद नाय."

"तेच तर तो सांगतोय!" निमेशभाई म्हणाले. "नोंद नाही, म्हणजे तू ठेवली नाहीस."

"न आलेल्याचा पुरावा मी कुठून आणू, भाई?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी लॅपटॉप मिटून आपल्याकडे ओढला. मग त्याने निमेशभाईंचाच माउस हातात घेतला, माझी फाइल शोधून काढली आणि तिच्यापुढची वेळ दाखवली. "ही आज सकाळी सव्वादहाला बदललीय. मी चहा सांगायला गेलो होतो तेव्हा." माझ्याकडे बघून बोलला. मी म्हणालो, "बटणाचा रंग बदलला फक्त."

"रंगाचं काय घेऊन बसलास, यार!" निमेशभाई वरठावर वैतागले. "आठ मुलींचं वर्ष गेलं आणि तू रंग काढतोस?" ते 'मुली' म्हणाले तेव्हा वरठाचा चेहरा असा झाला, की मी चहाच्या ग्लासात बघायला लागलो.

दुपारी जेवायच्या आत त्याला काढून टाकलं. संस्थेने सांगितलं, जागा भरल्या, आता काही होणार नाही. निमेशभाईंनी त्यांना लिहून दिलं की संबंधित कर्मचाऱ्याला कामावरून कमी केलं आहे. पाड्यात तर आणखी सोपा हिशोब होता. मुलींचे कागद कुणी घेतले? लहानूने. झालं म्हणून कुणी सांगितलं? लहानूने. मग घालवले कुणी? सुमन कॉलेजऐवजी उंबरगावला एका कंपनीत पॅकिंगला जायला लागली.

सर्व्हरचं काम माझ्याकडे आलं. वरठाचा सगळा कोड मी वाचून काढला. त्यात एकतरी चूक सापडावी म्हणून शोधत होतो, महिनाभर शोधली. एक जरी सापडली असती तर मला झोप लागली असती. नाही सापडली.

२०१९मध्ये वडिलांच्या जमिनीच्या कागदासाठी तलासरी नाक्यावर गेलो होतो. एका झेरॉक्सच्या दुकानात, आतल्या टेबलावर, तो लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरत बसलेला दिसला. जाडसर झाला होता. मला बघून त्याने शेजारचं स्टूल सरकवलं. मी बसलो आणि कुठून बळ आलं कोण जाणे, म्हणालो, "वरठा, चूक माझी होती. ओळ मी बदलली होती."

"मला त्याच दिवशी माहीत होतं," तो टाइप करता करता म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. तुझ्यासमोरच बोललो. ऐकलं कोणी?"

मला रडू यायला लागलं. मी म्हणालो, "आता काय करू ते सांग. सांगशील ते करतो." त्याने हात थांबवले. माझं रडणं त्याला अजिबात नको होतं, हे तोंडावर दिसत होतं.

"मला काही नको," तो म्हणाला. "माझ्या बाबाला सांग. रविवारी ये आमच्याकडे. मी आठही घरच्यांना ओटीवर बोलावतो. त्यांच्यासमोर एकदा सांग की लहानूने अर्ज नाय घालवले. तीन वर्षं झाली, बाबा पाड्यातल्या लग्नाच्या बोलणीला जात नाय. एवढंच सांग आणि जा. चहापण नको घेऊस पाहिजे तर."

"येतो," मी म्हणालो. आणि खरंच जाणार होतो. शपथेवर सांगतो, जाणारच होतो.

रविवारी सकाळी मोटरसायकल काढली. तलासरीहून आत वळलो, उधव्यापर्यंत गेलो. तिथे एका टपरीवर थांबलो आणि काय बोलायचं ते मनात जुळवायला लागलो. ओटीवर बसलेली ती माणसं डोळ्यांपुढे आली. त्यातली काही आमच्या वाडीत कामाला येऊन गेलेली, माझ्या वडिलांना शेठ म्हणणारी. त्यांच्यापुढे उभं राहून मी म्हणायचं, मी खोटं बोललो? तेवढ्यात फोन वाजला.

"केतन, सगळे आलेत," वरठा म्हणाला. त्याच्या मागे माणसांचा आवाज येत होता, भांडी वाजत होती. "बाबाने सदरा घातलाय नवीन. सुमनपण सुट्टी टाकून आलीय. कुठपर्यंत आलास?"

"उधव्याला आहे," मी म्हणालो. "दहा मिनिटांत पोचतो."

"ये. सावकाश ये, रस्ता खराब आहे," तो म्हणाला आणि त्याने तिकडे सगळ्यांना सांगितलेलं मला ऐकू आलं, "आला, उधव्याला आहे."

मी गाडी वळवली आणि डहाणूला परत आलो. वाटेत फोन चार वेळा वाजला. घरी पोचल्यावर आईने ताट वाढलं. जेवायला बसण्याआधी मी त्याचा नंबर ब्लॉक केला.