बुडख्याचा रस

१० फेब्रुवारी १९४७, सकाळचे अकरा. साताऱ्याच्या कोर्टात त्या वेळी माझ्याइतके आनंदी कोणीच नव्हते — आणि तो आनंद कशाचा होता, हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. तुम्हाला सांगते.

रहिमतपूरजवळ उभ्या राहणाऱ्या एका साखर कंपनीची मी रसायनतज्ज्ञ होते. नुकतीच बी.एस्सी. झालेली, आणि त्याचा भलताच अभिमान असलेली. शेअर विकण्यासाठी कंपनीने माहितीपत्रक काढले. इथल्या उसाच्या रसात शंभरात एकोणीस भाग साखर, असे त्यात छापले. तो आकडा माझा.

किती सुंदर दिवस होते ते! रहिमतपूरच्या मळ्यामळ्यांतून मी नमुने गोळा करत हिंडले. प्रत्येक बांधावर कोयता चाले, ऊस तुटे, तुकडा माझ्या हाती येई. त्याच तुकड्यांचा रस मी तपासला. चूक दिसली का तुम्हाला? मला दिसली नाही. आमच्याकडे फिका शेंडा घरचे खातात. बुडखा — सर्वांत गोड भाग — पाहुण्याला देतात. मी पाहुणी होते.

पत्रक वाटले गेल्यावर, शेअर अजून विकले जात असतानाच, शंका आली, म्हणून मी शेंड्यासकट अख्खा ऊस पिळला. आकडा पाहिला. लिहिला नाही. कंपनी मला नवी प्रयोगशाळा देणार होती — आणि मला ती हवी होती.

कारखाना तोट्यात गेला. भागधारकांनी दावा लावला. त्यांत रहिमतपूरचे तात्या होते. मुलाची लढाईवरची सारी कमाई त्यांनी शेअरांत घातली होती. आधी तक्रार होती ती संचालकांच्या उधळपट्टीची, पण तिला पुरावा मिळेना. मग दावा दुरुस्त करून नवे कलम घातले : आकडा खोटा होता, आणि शेअर विकताना कंपनीच्या माणसांना ते ठाऊक होते. पैसे परत मिळण्याची आशा त्या एका कलमावर होती. कंपनीच्या वकिलांनी लगोलग अर्ज दिला — कोणाला ठाऊक होते, कसे, याचा तपशील नाही. तो द्यावा, नाहीतर कलम काढून टाकावे; तोवर आम्ही कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, देणार नाही. तात्यांच्या वकिलांनी तपशिलासाठी मुदत मागितली. ती त्या सोमवारी संपली.

"कोणाला ठाऊक होते?" न्यायाधीशांनी विचारले. तात्यांचे वकील नुसतेच कागद चाळू लागले. मी मागच्या बाकावर. एक नाव पुरले असते — माझे.

कलम गेले. आणि मी? मला हसू आवरेना. इतके हलके मला पुन्हा कधी वाटले नाही.

बाहेर लिंबाखाली तात्या गुडघ्यावर ऊस मोडत बसले होते.

"तात्या, कंपनीच्या बाईला ऊस चारताय व्हय?" कोणीतरी टोमणा मारला.

"बाई कंपनीची आसंल, पर पावनी आपली हाय," तात्या म्हणाले. "आवं ताई, तुमचा काय दोस? घ्या, बुडखा घ्या. शेंडा आमी खातो."

मी घेतला. चवीने खाल्ला. लय गोड होता.

अख्ख्या उसाचा तो आकडा मी आज, इथे, पहिल्यांदा नोंदवते — पंधरा पूर्णांक दोन.