रेषेबाहेर दोन बोटं

पडदा वर जातो. खरं म्हणजे तो आता जात नाही. दोऱ्या कधीच्या कुजल्या, पडदा एका बाजूला गुंडाळून पडलाय आणि त्याच्या घड्यांत मांजरीने संसार थाटलाय. पण आपण तो वर गेला असं धरू.

बंद पडलेलं नाट्यगृह. ज्या फळ्यांवर एके काळी राजे मरायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मरायला वेळेवर हजर व्हायचे, त्या फळ्यांवर आता शिलाई मशीनच्या दोन रांगा आहेत. विंगेत इस्त्रीचं टेबल. समोर प्रेक्षकांच्या खुर्च्या, निम्म्यांचा काथ्या बाहेर आलेला. कपाटं नाहीत, म्हणून शिवून झालेले कपडे खुर्च्यांच्या पाठींवर घालायचे. दिवस मावळताना मंचावरून बघावं, तर निळे सदरे घातलेला, बिनडोक्याचा, अतिशय शांत प्रेक्षकवर्ग बसलेला दिसावा. आणि मंचाच्या मधोमध, नायिकेच्या जागी, कापड बेतायचं टेबल. त्यामागे एक ठेंगणी बाई, हातात तिच्या कोपरापर्यंत पोचेल अशी कात्री. ही काकी.

काकीचं गाव डोंगराच्या पोटात होतं. एका सकाळी डोंगराला भेग पडली आणि दुपारपर्यंत माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी खाली उतरली. परत कुणी गेलं नाही. जायला काही उरलंच नाही. तेव्हापासून काकी, तिची लेक आणि लेकीची लेक छावणीतल्या पत्र्याच्या एका खोलीत राहत होत्या. मधल्या पत्र्यापलीकडे शेजारी जांभई द्यायचा, ती इकडे ऐकू यायची. जावई कामासाठी म्हणून गेला होता, आणि अजून जातच होता.

गावात असताना काकी अख्ख्या वस्तीचे कपडे शिवायची. तिची एक पद्धत होती, किंबहुना त्या वस्तीचीच. खडूची रेष मापाला मारायची, पण कात्री चालवायची रेषेच्या दोन बोटं बाहेरून. ते जास्तीचं कापड शिवणीच्या आत दुमडून ठेवायचं. त्याला वस्तीतल्या बायका 'दाब' म्हणत. पोर वाढलं की शिवण उसवायची, सदरा सैल. थोरल्याचं धाकट्याला, बारीक जावेचं जाड जावेला. खाली छावणीत आल्यावर पहिल्या वर्षी माणसं वाळली, नंतर हळूहळू भरली. काकीने शिवलेले कपडे त्यांच्याबरोबर आत गेले आणि बाहेर आले. दाब न ठेवता शिवणाऱ्याला काकी शिंपी म्हणायचीच नाही. "तो कापड शिवत नाही," ती म्हणायची, "माणसाला पिशवीत भरतो."

नाट्यगृहात विस्थापित बायकांसाठी शिवणाचं केंद्र निघालं तेव्हा काकी पहिल्याच दिवशी आली. केंद्राचा कायदा सोपा होता. शिका, गट करा, बाहेरचं काम मिळवा आणि पार पाडा. पार पडलं तर जिचं मशीन तिने घरी न्यावं, स्वतःचा धंदा करावा. नाही पडलं तर मशीन पुढच्या तुकडीला. काकीच्या वाट्याला आलेलं मशीन काळं, जुनं, पायाने चालवायचं, थोडं कुरकुरणारं. ती त्याला 'सासूबाई' म्हणायची आणि रोज घरी जाताना त्याच्यावर फडकं घालायची. खोलीत ते कुठे मावेल हे तिने ठरवूनही टाकलं होतं. पलंग आडवा करायचा होता, बस्स.

पहिलं काम आलं ते इस्पितळातल्या सफाई कामगारांच्या निळ्या सदऱ्यांचं, खुर्च्या तितके सदरे. कापड इस्पितळाचं, मोजून दिलेलं. बेतायचं काम अर्थात काकीकडे. थरावर थर रचून एका दमात कापणारा हात दुसऱ्या कुणाकडे नव्हताच. शिकवणाऱ्या मास्तरीणबाई त्या दिवसांत दुसऱ्या केंद्रावर गेल्या होत्या. काकी कापत गेली, बाकीच्या शिवत गेल्या, खुर्च्या भरत गेल्या.

आणि कापड संपलं. मागच्या रांगा रिकाम्याच राहिल्या.

"उंदरांनी नेलं की काय?" एकजण म्हणाली.

"उंदीर काय, सदरे घालून फिरतायत?" हे बोलली फटाकडी. हिची गल्ली रस्त्यासाठी पाडली होती. सगळ्यांत तरुण, डोंगराकडची नसलेली ती एकटीच. तिच्याकडे फक्त काजं-बटणं. तिने एक सदरा उचलला, उलटा केला आणि शिवण बोटांत धरून सगळ्यांना दाखवली. "हे बघा उंदीर! आत अजून अर्धा सदरा लपवलाय!"

मग सगळ्यांनीच आपापले उलटे करून पाहिले. काकीने दोन बोटं जास्त कापलं होतं, आणि शिवणाऱ्या डोंगराकडच्या बायकांनी ते काही न विचारता आत दुमडलं होतं. आईनेही तसंच केलं असतं, सासूनेही. चूक कुणाला दिसणार? सगळ्यांच्या हाताला ती बरोबरच वाटत होती.

मास्तरीणबाई आल्या, त्यांच्याबरोबर इस्पितळाच्या भांडारबाईही. भांडारबाईंनी रिकाम्या रांगा मोजल्या.

"काकी, मी रेष मारायला शिकवली ती कशासाठी?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "नक्षी म्हणून?"

"बाई, माणूस काय आहे तेवढाच राहतो का?" काकी म्हणाली.

"अहो, हे सदरे कुणाच्या धाकट्याला जाणार नाहीत. फाटले की टाकतात."

"टाकतात?" काकीला हे खरंच माहीत नव्हतं. "चांगली शिवण असून?"

भांडारबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. आणखी एक तागा देऊ म्हणाल्या, एकच. नेमक्या रेषेवर कापलं तरच पुरेल. पुढच्या आठवड्यात सदरे पुरे झाले नाहीत, तर काम दुसरीकडे.

बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. जी बाई काल काकीला आपल्या डब्यातलं वाढत होती ती आज म्हणाली, "एकीच्या हौसेपायी आमच्या सगळ्यांच्या चुलीत पाणी." काकीने कात्री मिटून ठेवली. संध्याकाळी सासूबाईवर फडकं घालायलाही विसरली.

घरी लेकीने ताट पुढे सरकवलं. "दुसरीला कापू दे ना, आई."

"दुसरीला येतं का?"

"मग तू रेषेवर काप. एवढं काय त्यात?"

"तुला डाव्या हाताने जेव म्हटलं तर?"

"मशीन मिळणार असेल तर पायानेही जेवीन," लेक म्हणाली, आणि ताट उचलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तागा उलगडला. थर रचले, खडूची रेष मारली. काकीने कात्री घातली आणि पहिल्याच वळणावर तिचा हात आपणहून बाहेर सरकला. ती थांबली. पुन्हा आत आणला, पुन्हा सरकला. भूमिका चोख पाठ असावी आणि नाटकच दुसरं लागावं, तशी तिची गत.

"थांबा," फटाकडी म्हणाली. ती टेबलापलीकडे येऊन उभी राहिली आणि आपलं बोट रेषेच्या अगदी बाहेर, कात्रीच्या तोंडाशी ठेवलं. "आता चला. बाहेर याल तर माझं बोट जाईल. लग्न व्हायचंय माझं, सांगून ठेवते."

"काढ गं ते बोट, मेले!"

"तुम्ही कापा."

काकीने कापलं. बोट रेषेच्या कडेने पुढे सरकत गेलं आणि कात्री रेष धरून त्याच्या मागून. बाकीची मशीनं थांबली होती. बगलेच्या वळणाशी काकी इतकी हळू गेली की एकीने मोठ्याने "आई गं" म्हटलं. पण बोट शाबूत राहिलं. तागा पुरला. आठवडा संपायच्या आत शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर सदरा चढला आणि बायकांनी रिकाम्या नाट्यगृहात टाळ्या वाजवल्या. ज्या बाईने चुलीत पाण्याचं म्हटलं होतं, तिने काकीच्या डब्यात पुन्हा वाढलं. काकीने खाल्लं. राग धरायला लागतं ते बळ तिला शिवणालाच पुरत नव्हतं.

इस्पितळाने लगोलग पुढचं मोठं काम दिलं. ते संपेपर्यंत मशीनं इथेच ठेवू असं ठरलं. मग काही महिने काकी रोज रेषेवर कापत राहिली. आधी फटाकडीच्या बोटाबरोबर, मग बोटाशिवाय, मग फटाकडीकडे न बघताच. "काकी, आता तुमचा हात सरळ झाला," मास्तरीणबाई म्हणाल्या. काकीने आपला हात उलटा-पालटा करून पाहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

शेवटी सासूबाई हातगाडीवरून घरी आली. पलंग आडवा झाला. शेजाऱ्याने पत्र्यापलीकडून विचारलं, "काय आलं हो?" लेक ओरडली, "धंदा आला!"

काकीने एक पिवळं कापड कधीचं जपून ठेवलं होतं. नातीचा जुना फ्रॉक इतक्यांदा उसवून सोडला होता की खालच्या काठावर जुन्या शिवणींच्या फिकट रेघा एकाखाली एक उतरत गेल्या होत्या. स्वतःच्या मशीनवरचं पहिलं काम नातीचंच, असं तिने मनाशी घट्ट केलं होतं. खडू, कात्री, टीप. दुपारभर खोलीत कुरकुर चालली आणि संध्याकाळच्या आत फ्रॉक तयार.

नातीने तो घातला, पलंगावर चढली आणि गिरकी घेतली. अंगाला असा बसला होता, जणू दुकानातला. लेक हसली, कौतुकाने काठ हातात घेतला आणि सवयीने उलटा करून पाहिला. मग बगलेची शिवण पाहिली. मग पाठीची.

"आई," ती हळूच म्हणाली, "आत काहीच नाहीये."

काकीने चष्मा लावला. फ्रॉकचा काठ दोन बोटांत धरला आणि चाचपत राहिली. एकदा, पुन्हा एकदा, हरवलेली सुई शोधावी तशी. कापलेल्या तुकड्यांकडे पाहिलं. नेमके, सरळ, त्यांतून काही जोडता येण्यासारखं नव्हतं. मशीनच्या चाकावर तिने हात ठेवला. नात वरून विचारत होती, "आजी, छान आहे ना?"

काकीने तिचा काठ सारखा केला आणि म्हणाली, "छान आहे गं बाई. आता तेवढी वाढू नकोस."