चतुरावहिनीचा पाऊस

माझी भावजय चतुराबाई कधी खोटं बोलली न्हाई, आणि त्याच्यापायी मी तिच्यावर आजही चिडून हाये. मी कडूबा, तिचा धाकटा दीर. टेंभुर्णीच्या अंगाला, पूर्णेच्या खोऱ्यात आमचं गाव.

भाऊ वारला तेव्हा त्याचं एक काम वहिनीकडं आलं. महादेवाच्या देवळामागं तारेच्या कुंपणात सरकारनं पाऊस मोजायचं नळकांडं बसवलंय. वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी बाटलीतलं पाणी मापाच्या नळीत ओतायचं, आकडा लिहायचा, महिन्याकाठी तालुक्याला धाडायचा. भाऊ टंगळमंगळ करायचा. वहिनी अंगात ताप असला तरी जायची. पोरीच्या लग्नादिवशी वऱ्हाडाला चहासाठी ताटकळत ठेवून गेल्ती. मी लई बडबडलो. तिला शिकवणाऱ्या साहेबानं एकच बजावलं होतं, नळीत दिसेल ते लिहायचं, मनाचं काही घालायचं न्हाई. तिनं त्याची खूणगाठ बांधली.

मंग दोन हजार चारच्या उन्हाळ्यात औरंगाबादहून सत्यशीला नावाची शिकणारी मुलगी आली. आभाळातला उपग्रह ढग बघून कुठं किती पाऊस पडला याचा अंदाज देतो म्हणे. तो अंदाज कितपत खरा, त्याच्यावरून नदीला येणाऱ्या पाण्याचा हिशेब लागेल का, हे ती तपासून राह्यली होती. त्यासाठी आमच्यासारख्या नळकांड्यांचे आकडे त्याच्याशेजारी ठेवायचे. उपग्रह जमिनीचे चौकोन पाडून बघतो, त्याचा एक चौकोन म्हणजे कितीतरी गावं, आणि आमचं नरसाळं केवढं, तर ताटलीएवढं. बराबर जुळायचं न्हाई, पण फार फरकही पडत नव्हता. अंदाज चांगला निघाला तर गावोगावची नळकांडी बंद करायचं सरकारात चाललंय, असं ती बोलून गेली. वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला.

पण सत्यशीलाला आमच्या आकड्यांत एक दिवस सापडला होता. मागच्या साली श्रावणात वरून सगळं कोरडं ठणठणीत, आणि आमच्या बाटलीत चांगला पाऊस. ती खूश. एवढा लहान ढग वरून दिसलाच न्हाई, म्हणाली. हाच दाखला अहवालात देते, मंग तुमचं नळकांडं कोणी हलवत न्हाई.

मला तो दिवस पक्का ठाऊक. थेंबसुद्धा पडला नव्हता. पावसानं दडी मारली म्हणून बायांनी महादेव कोंडला होता, म्हणजे गाभारा पाण्यानं भरून पिंड बुडवली होती. राहिलेल्या घागरी घेऊन त्या देवळामागं गेल्या. पाऊस इथंच मोजतात, तर इथंबी पाणी वाहावं, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. त्यात माझीच बायको सगुणा सगळ्यात पुढं. कुंकू वाहिलं, नरसाळ्यात पाणी ओतलं, हात जोडून मोकळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी वहिनीला नळीत लालसर पाणी दिसलं, आणि तिनं ते बराबर मोजून लिहिलं. करा आता.

मी वहिनीला डोळ्यांनी खुणावलं, गप बसा. नशीब पायानं चालत आलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलंच न्हाई. पदर सारखा केला आणि म्हणाली, "ताई, तो पाऊस नव्हता. आमच्या बायांनी पाणी ओतल्तं."

सत्यशीलानं वहीतल्या त्या तारखेवर काट मारली. मंग तिनं विचारलं, असं आणखी कधी झालं होतं का? एक 'न्हाई' म्हटलं असतं तर काम भागत होतं. पण वहिनी म्हणाली, मी दिवसभर रानात असते, माझ्यामागं कोण काय करून गेलं ते मी कसं सांगू. मी डोक्याला हात लावून बसलो.

दिवाळीनंतर सत्यशीला पुन्हा आली. पत्र टाकून भागलं असतं, पण एसटीचे धक्के खात स्वतः आली, एवढं तिचं मानतो. तिच्या मोठ्या साहेबांनी अहवालातून आमचं ठिकाणच गाळलं होतं. ती त्यांच्याशी भांडली होती. पण आमच्याकडं पाऊस या शिवारात पडतो नि शेजारचं शिवार कोरडं राहतं. शेजारच्या आकड्यावरून आमचा आकडा पारखता येत न्हाई. एका आकड्यावर संशय आला, आजवरचे सगळेच गेले.

वहिनीनं तिला चहा केला. दोघी ओसरीवर बसल्या. कप खाली ठेवत वहिनीनं विचारलं, "मंग इतकी वर्षं आमच्या गावात पाऊस पडलाच न्हाई, असं धरायचं का?"

"पडला ना, मावशी," सत्यशीला खाली बघत म्हणाली. "वरून दिसला तेवढा."